जखम भरते कशी? पेशींना चालायला लावणाऱ्या ॲक्टिनच्या धाग्याची कथा

भाजलेल्या त्वचेच्या कडेवरील पेशी सरपटत पुढे येतात, म्हणून जखम झाकली जाते. त्यांना पुढे ढकलणारा धागा केसाच्या दहाहजाराव्या भागाइतका बारीक असतो. तोच धागा पुढे भाजलेला हात आखडूनही टाकू शकतो. त्याची रचना आणि जुळणी समजून घेण्याचा हा प्रयत्न.

तेरखेडा (जि. धाराशिव), विशेष प्रतिनिधी :
सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावर, वाशी तालुक्यात वसलेले तेरखेडा हे गाव फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे. दिवाळी जवळ आली, की मराठवाड्यातील अनेकांची पावले खरेदीसाठी येथे वळतात. मात्र या धंद्यात दारूगोळ्याशी रोजचा संबंध असल्याने भाजण्याची जोखीमही रोजचीच. स्फोट झाला की त्याची बातमी होते, मृत व जखमींचे आकडे छापून येतात. त्यानंतर जखमीच्या अंगावर आठवडेच्या आठवडे काय घडत राहते, याची बातमी मात्र होत नाही. काहींची जखम पंधरवड्यात मागमूस न ठेवता भरते, तर काहींची बोटे जखम भरल्यानंतर हळूहळू तळव्याकडे वळू लागतात आणि उघडेनाशी होतात. असे का घडते, याचे उत्तर शोधू गेल्यास ते बऱ्याच अंशी एका प्रथिनापाशी येऊन थांबते. त्याचे नाव ॲक्टिन.

ॲक्टिन हे शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत विपुल प्रमाणात आढळणारे प्रथिन आहे. स्नायूंचे आकुंचन, हृदयाचा ठोका, पेशीचे दोन भागांत विभाजन, मज्जातंतूची वाढ, जंतूंच्या मागे धावणाऱ्या पांढऱ्या पेशी या साऱ्यांच्या मुळाशी ॲक्टिनचे धागे असतात. पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, असे चित्र शालेय पुस्तकांमुळे अनेकांच्या मनात असते. प्रत्यक्षात या पिशवीला आतून आधार देणारा सांगाडा असतो. आपल्या हाडांचा सांगाडा वर्षानुवर्षे टिकतो. पेशीचा सांगाडा मात्र क्षणोक्षणी मोडला जातो आणि क्षणोक्षणी पुन्हा उभारला जातो.

युद्धकाळातील शोध

या प्रथिनाचा शोध दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत हंगेरीतील सेगेड येथे लागला. 'क' जीवनसत्त्वावरील संशोधनासाठी १९३७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांची प्रयोगशाळा त्या वेळी स्नायूंचा अभ्यास करीत होती. त्यांच्या सहकारी इलोना बंगा यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. स्नायूंचा खिमा क्षारद्रावणात थोडा वेळ ठेवून काढलेला अर्क पातळ असे. तोच खिमा रात्रभर तसाच राहिला, तर अर्क अतिशय दाट होई. त्यात एटीपी हा ऊर्जावाहक रेणू मिसळला, की दाटपणा झपाट्याने कमी होई. रात्रभरात स्नायूतून आणखी काहीतरी बाहेर पडत होते, हे उघड होते.

ते 'काहीतरी' म्हणजे एक स्वतंत्र प्रथिन आहे, हे ब्रुनो स्ट्राउब यांनी १९४२ मध्ये दाखवून दिले. मायोसिन या स्नायूतील प्रथिनाला ते कार्यान्वित करते, म्हणून त्याचे नाव ॲक्टिन ठेवण्यात आले. युद्धामुळे हे निष्कर्ष सेगेडच्या संस्थेच्या स्वतःच्या प्रकाशनातच छापले गेले आणि उर्वरित जगाला ते उशिरा कळले. पुढे १९५४ मध्ये ॲक्टिनचे व मायोसिनचे तंतू एकमेकांवरून सरकतात आणि त्यातूनच स्नायू आकुंचन पावतो, हा सिद्धान्त दोन स्वतंत्र गटांनी मांडला. त्यामुळे ॲक्टिन हे स्नायूंचेच प्रथिन आहे, अशी समजूत बराच काळ राहिली. ते स्नायूंखेरीज इतर पेशींतही असते आणि तेथेही तितकेच महत्त्वाचे काम करते, हे नंतरच्या दशकांत स्पष्ट होत गेले.

दोन पदरी दोर

ॲक्टिनचा एक सुटा रेणू ३७५ अमिनो आम्लांचा बनलेला असतो. त्याचा आकार साधारण साडेपाच नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. रेणूच्या मधोमध एक खाच असते आणि त्या खाचेत एटीपीचा रेणू बसलेला असतो. या सुट्या रेणूची अणुपातळीवरील रचना जर्मनीतील हायडेलबर्ग येथील वोल्फगांग काब्श, केनेथ होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये उलगडली.

हे सुटे रेणू एकापुढे एक जोडले गेले, की धागा तयार होतो. अंबाडीचा दोर वळताना दोन पदर एकमेकांवर पीळ देऊन घेतात, तसेच या धाग्याचे दिसते. दोन माळा एकमेकींभोवती हलकासा पीळ घेत पुढे जातात. धाग्याची जाडी अवघी सात नॅनोमीटर. माणसाचा केस त्याच्या सुमारे दहा हजार पट जाड. प्रत्येक नवा रेणू धाग्याची लांबी २.७५ नॅनोमीटरने वाढवतो. म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका धागा विणायला सुमारे ३६० रेणू लागतात.

या दोराचे एक वैशिष्ट्य मात्र साध्या दोरात नसते. सारे रेणू एकाच दिशेला तोंड करून बसतात. त्यामुळे धाग्याची दोन टोके सारखी नसतात. धाग्यावर मायोसिनचे तुकडे चिकटवून तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यावर बाणाच्या फाळांची रांग दिसते. फाळाच्या मागच्या बाजूच्या टोकाला 'काटेरी' टोक आणि पुढच्या बाजूच्या टोकाला 'अणकुचीदार' टोक म्हणतात. वाढ मुख्यतः काटेरी टोकाकडून होते. पेशी कोणत्या दिशेला सरकणार, हे ठरण्याचे मूळ या साध्या फरकात आहे.

जर्मनीतील डॉर्टमुंडच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी २०२२ मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या धाग्याच्या इतक्या बारीक प्रतिमा मिळवल्या, की त्यातील पाण्याचे रेणूही वेगळे ओळखता आले. स्ट्राउब यांच्या शोधानंतर ८० वर्षांनी धाग्याचे अंतरंग असे उघड झाले.

विरजणाशिवाय दही नाही

सुट्या रेणूंपासून धागा बनण्यातील सर्वांत अवघड टप्पा पहिलाच असतो. दोन रेणू एकत्र आले, तरी ते क्षणार्धात सुटतात. तिसरा येईपर्यंत जोडी टिकेलच, याची शाश्वती नसते. तीन-चार रेणूंचे बीज एकदा जमले, की पुढची वाढ मात्र भराभर होते. दूध नुसते ठेवून दही लागत नाही, विरजण घालावे लागते, त्यातलाच हा प्रकार. जपानमधील नागोया विद्यापीठाचे फुमिओ ओसावा यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी या प्रक्रियेचे गणित मांडले.

ही अडचण पेशीच्या दृष्टीने मात्र सोयीची आहे. ॲक्टिनचे धागे आपोआप आणि सगळीकडे बनू लागले असते, तर पेशी घट्ट गोळाच झाली असती. पेशीतील ॲक्टिनचे प्रमाण धागा बनण्यासाठी लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या शेकडो पट असते. तरीही त्यातील मोठा वाटा सुटा राहतो, कारण प्रोफिलिन आणि थायमोसिन ही प्रथिने त्या सुट्या रेणूंना धरून ठेवतात. तेरखेड्याच्या धंद्यातल्या माणसाला हे सहज पटावे. माल तयार असतो, पण ठिणगी कुठे व केव्हा पडू द्यायची, यावर कडक पहारा असतो.

पेशीत विरजणाचे काम करणारी प्रथिने प्रामुख्याने दोन प्रकारची. पहिला प्रकार म्हणजे 'आर्प २/३' हा सात प्रथिनांचा संच. लॉरा मॅचेस्की आणि थॉमस पोलार्ड यांनी १९९४ मध्ये तो अमीबाच्या एका जातीत शोधला. हा संच जुन्या धाग्याच्या अंगावर बसतो आणि तेथून सुमारे ७० अंशांच्या कोनात नवी फांदी फोडतो. फांदीवर फांदी फुटत दाट जाळी तयार होते. दुसरा प्रकार फॉर्मिन प्रथिनांचा. ती धाग्याच्या काटेरी टोकाला धरून बसतात आणि एकेक रेणू आत सरकवत सरळ, लांब धागा विणत नेतात. जाळी हवी तेथे आर्प, दोर हवा तेथे फॉर्मिन, अशी ही विभागणी आहे.

पुढे जोड, मागे तोड

धाग्यात नवा रेणू येतो, तेव्हा त्याच्या खाचेत एटीपी असतो. काही सेकंदांत त्या एटीपीचे विघटन होते. विघटनातून सुटलेला फॉस्फेट मात्र काही मिनिटे खाचेत रेंगाळतो आणि मग निघून जातो. म्हणजे प्रत्येक रेणूवर त्याच्या वयाची खूण असते. पुढचे रेणू ताजे, मागचे जुने. कोफिलिन हे प्रथिन नेमके जुने भाग हेरते, त्यांना चिकटते आणि धागा तेथून तोडते. सुटलेल्या रेणूंत प्रोफिलिनच्या मदतीने नवा एटीपी भरला जातो आणि ते पुन्हा पुढच्या टोकाला जोडले जाण्यास सिद्ध होतात.

परिणामी धाग्याची लांबी तेवढीच राहते, पण त्यातील रेणू सतत बदलत असतात. वारीच्या वाटेवर दिंडीत पुढे माणसे मिळत जावीत आणि मागून काही गळत जावीत, तरी दिंडी दिंडीच राहावी, तसे हे घडते. ॲक्टिनच्या धाग्याची ही चाल आल्ब्रेख्ट वेग्नर यांनी १९७६ मध्ये दाखवून दिली.

वेगही थक्क करणारा आहे. सुट्या रेणूंचा पुरवठा पुरेसा असेल, तर काटेरी टोकाला एका सेकंदात शंभराहून अधिक रेणू जोडले जाऊ शकतात. वाढणारा धागा समोरच्या पडद्याला ढकलतो. पेशीचा पडदा सतत थरथरत असतो. त्या थरथरीत क्षणभर फट पडली, की त्यात नवा रेणू शिरून बसतो आणि पडद्याला मागे येता येत नाही. एका धाग्याचे बळ नगण्य; पण हजारो धागे एकत्र रेटा देऊ लागले, की पेशीची कड पुढे सरकते.

जखमेच्या कडेवर

आता पुन्हा भाजलेल्या त्वचेकडे वळू. जखम झाल्यावर प्रथम रक्तातील बिंबिका धावून येतात. एरवी थाळीसारख्या असणाऱ्या या बिंबिका क्षणात पसरून हातपाय फुटल्यासारख्या दिसतात. हा आकारबदल ॲक्टिनमुळे होतो. पाठोपाठ पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून वाट काढत जखमेत शिरतात. त्यांची ही चालही ॲक्टिनचीच.

त्यानंतर त्वचेच्या वरच्या थरातील पेशींचे काम सुरू होते. एरवी त्या खालच्या थराला घट्ट खिळलेल्या असतात. कडेवरील पेशी हे खिळे सोडवतात, चपट्या होतात आणि जखमेच्या दिशेने पातळ पाऊल पुढे टाकतात. त्या पावलात आर्पने विणलेली ॲक्टिनची जाळी असते. पाऊल पुढे टेकते, मागचा भाग मायोसिनच्या ओढीने खेचला जातो, मागची पकड सुटते आणि पेशी पुढे सरकते. जखमेची कड या गतीने दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी पुढे जाते.

वरवर भाजल्याच्या आणि खोल भाजल्याच्या जखमेतील फरक येथेच आहे. वरवर भाजले असेल, तर केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी शाबूत असतात. त्यांच्यातील पेशी बाहेर येतात आणि जखम केवळ कडेने नव्हे, तर मधूनही ठिकठिकाणी झाकली जाऊ लागते. खोल भाजल्यावर ही बेटेच नष्ट होतात. मग साऱ्या अंतराची मजल कडेवरील पेशींना एकट्याने मारावी लागते. तळहाताएवढी जखम अशा गतीने झाकायची, तर किती काळ लागेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. तोवर जंतुसंसर्गाचा धोका कायम असतो. खोल जखमेवर डॉक्टर त्वचारोपणाचा आग्रह का धरतात, त्याचे उत्तर या हिशेबात आहे.

मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रुग्णाच्या अंगावर रोपणासाठी स्वतःची त्वचाही पुरेशी उरत नाही. अशा वेळी मृत व्यक्तीची दान केलेली त्वचा तात्पुरते आवरण म्हणून उपयोगी पडते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० मध्ये त्वचापेढी सुरू झाली. नवी मुंबईतील ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही अशी पेढी आहे. नेत्रदानाइतकी त्वचादानाची माहिती मात्र अजूनही सर्वदूर पोहोचलेली नाही.

तारणारा धागा, आखडणारा धागा

खोल जखमेत आणखी एक प्रक्रिया चालते. खालच्या थरातील तंतुजनक पेशी जखमेत येतात आणि तेथील ताणामुळे व रासायनिक संदेशांमुळे त्यांचे रूप पालटते. गुळगुळीत स्नायूंत असतो, तसा ॲक्टिनचा एक प्रकार त्या बनवू लागतात. त्यांच्या अंगात ॲक्टिन-मायोसिनचे जाड दोर तयार होतात आणि त्या चारी बाजूंनी जखम ओढून लहान करू लागतात. या पेशींचे वर्णन जिनिव्हाचे ग्युलिओ गाब्बियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये केले.

जखम आक्रसून लहान झाली, तर उघडा भाग कमी होतो. त्या अर्थाने ही ओढ उपकारक आहे. काम संपले, की या पेशी एरवी आपोआप मरून जातात. खोल भाजल्याच्या जखमेत मात्र त्या महिनोन् महिने टिकून राहू शकतात. त्या ओढत राहतात आणि ओढलेल्या स्थितीत कोलॅजनचे तंतू घट्ट बसत जातात. पाठीवर वा मांडीवर हे घडले, तर व्रण उरतो. बोटांच्या पेरांवर, कोपरावर किंवा मानेवर घडले, तर सांधाच वाकलेल्या स्थितीत जखडला जातो. ज्याचे पोट हातांच्या कामावर चालते, त्याच्यासाठी ही जखम भरल्यानंतरची दुसरी आपत्ती ठरते.

मग ॲक्टिनलाच रोखणारे औषध का देत नाहीत? अशी द्रव्ये निसर्गात आहेत. एका समुद्री स्पंजात आढळणारे लॅट्रन्क्युलिन सुट्या रेणूंना धरून धागा बनूच देत नाही. 'डेथ कॅप' या विषारी अळंबीतील फॅलॉइडिन नेमके उलटे करते. ते धागा इतका पक्का करते, की तो मोडतच नाही. प्रयोगशाळेत धागे रंगवून पाहण्यासाठी त्याचा रोज वापर होतो. पण हृदयाचा ठोकाही ॲक्टिनवरच चालतो. एका ठिकाणचे ॲक्टिन थांबवायचे आणि दुसरीकडचे चालू ठेवायचे, हे साधणे अत्यंत कठीण आहे. त्यामुळे आजही मुख्य भिस्त लवकर केलेल्या त्वचारोपणावर, बोटे सरळ ठेवणाऱ्या पट्ट्यांवर, दाब देणाऱ्या कपड्यांवर आणि चिकाटीने केलेल्या व्यायामावर आहे. पेशी ज्या बाजूला ओढतात, त्याच्या उलट बाजूला ताण देत राहणे, हे या उपायांचे सूत्र आहे. घरी गेल्यावर पट्टी काढून ठेवणे आणि व्यायाम सोडून देणे महागात पडते, ते याच कारणाने.

गर्भावस्थेतील जखमांची कथा वेगळी आहे. कोंबडीच्या गर्भाच्या पंखावर केलेली जखम भरताना तिच्या काठाभोवती ॲक्टिनचा एक अखंड दोर तयार होतो आणि बटव्याची नाडी ओढावी तशी जखम मिटते, असे १९९२ मध्ये दिसून आले. गर्भावस्थेच्या आरंभीच्या काळातील जखमा व्रण न ठेवता भरतात. प्रौढ त्वचेला हे कौशल्य पुन्हा शिकवता येईल काय, हा प्रश्न संशोधकांना खुणावतो आहे.

पुण्यातील प्रयोगशाळांत

ॲक्टिनवरील संशोधन परदेशापुरते मर्यादित नाही. पुण्यात पाषाण येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत अर्थात 'आयसर'मध्ये डॉ. अर्णब घोष यांचा गट मज्जापेशींतील ॲक्टिनचा अभ्यास करतो. वाढणारा मज्जातंतू आपली वाट कशी शोधतो आणि त्यात फॉर्मिनची भूमिका कोणती, यावर या गटाने काम केले आहे. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतील डॉ. प्रमोद पुल्लरकट यांच्यासोबत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, मज्जातंतूच्या आतील ॲक्टिन व स्पेक्ट्रिनची जाळी ताण सोसणाऱ्या धक्काशोषकासारखी काम करते, असे दाखवण्यात आले.

त्याच संस्थेतील डॉ. गायत्री पनंघट यांचा गट जिवाणूंमधील ॲक्टिनच्या चुलत भावंडांकडे पाहतो. लिंबूवर्गीय झाडांना रोग करणारा 'स्पायरोप्लाझ्मा' हा जिवाणू भोवती पेशीभित्तिका नसूनही स्क्रूसारखा पिळदार असतो. त्याच्या या आकारामागे ॲक्टिनच्या कुळातील एक प्रथिन आहे, हे या गटाने व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवले. जिवाणूपासून माणसापर्यंत हे कूळ पसरलेले आहे. उत्क्रांतीने त्यात फार ढवळाढवळ केलेली नाही, याचेही प्रमाण आहे. पाव फुगवणाऱ्या यीस्टचे ॲक्टिन आणि माणसाचे ॲक्टिन यांत ८५ टक्क्यांहून अधिक साम्य आढळते.

ॲक्टिनच्या कारभारात बिघाड झाला तर काय होते, हे 'विस्कॉट-आल्ड्रिच' या दुर्मीळ आनुवंशिक विकारात दिसते. आर्पला संदेश देणारे एक प्रथिन या मुलांत सदोष असते. परिणामी बिंबिका लहान व कमी असतात, रक्तस्राव सहज होतो, त्वचेवर इसब येतो आणि जंतुसंसर्ग वारंवार जडतो. धागा ठीक असूनही त्याला योग्य वेळी आज्ञा मिळाली नाही, तर एवढा अनर्थ ओढवतो.

प्रयोगशाळेतील ज्ञान रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. मात्र जे आज कळले आहे, त्यातूनही एक बोध निघतो. त्वचा झाकली गेली म्हणजे उपचार संपले, असे भाजलेल्या रुग्णाच्या बाबतीत मानता येत नाही. वरून शांत दिसणाऱ्या व्रणाखाली धागे विणले जात असतात आणि ओढ चालू असते. फटाक्यांच्या गावात काय किंवा दिवाळीत फुलबाजी धरणाऱ्या शहरी घरात काय, भाजलेल्या हाताची काळजी त्या महिन्यांतही घ्यावी लागते.

भाजल्यास हे करावे, हे टाळावे

- भाजलेला भाग तातडीने नळाच्या थंड, वाहत्या पाण्याखाली सुमारे २० मिनिटे धरावा. बर्फ लावू नये.
- सूज येण्यापूर्वी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढावे.
- टूथपेस्ट, शाई, हळद, तेल, चिखल यांपैकी काहीही लावू नये. जखमेची खोली ओळखणे त्यामुळे डॉक्टरांना कठीण जाते आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते.
- फोड फोडू नयेत. स्वच्छ, कोरड्या कापडाने जखम सैलसर झाकावी.
- हात, चेहरा, सांधे वा डोळे भाजल्यास जखम लहान वाटली, तरी रुग्णालयात जावे.
- जखम भरल्यानंतरही डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम आणि पट्ट्या सोडू नयेत.